दादाची एक्केचाळीस अपयशं

८ जानेवारी

दादा,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि वहिनीमार्फत निरोप दिला की तो निम्मा तिच्या मताचा होऊन पोचतो. कंपनीच्या मेलवर लिहावं तर चार जण वाचतात. म्हणून आपली ही पत्रंच बरी.

ऑक्टोबरात हेड ऑफिसमध्ये नवनिर्मिती विभाग निघाला आणि त्याची प्रमुख म्हणून मला बसवलं, हे तुला माहीत आहेच. काचेची खोली, गोल टेबल, लिहून पुसता येईल अशी भिंत. बारा वर्षं डिस्पॅचला बसून कुठला पंप कुठल्या ट्रकात गेला ते लिहिलं, आणि आता दुसऱ्यांना 'नवा विचार करा' म्हणून सांगते आहे. पहिले पंधरा दिवस मला माझंच हसू येत होतं.

मोठ्या साहेबांनी एक सल्लागार आणला. त्याचं म्हणणं असं की आपण वीस वर्षं तोच पंप बनवतो, कारण इथे चुकायची भीती आहे. तेव्हा चुकणाऱ्यांचा सत्कार करा. त्यातून 'अपयशाची भिंत' निघाली. कुणी काही नवं करून पाहिलं आणि ते फसलं, तर पिवळ्या कार्डावर लिहायचं, खाली नाव घालायचं, की कार्ड लागलं भिंतीवर. आणि भिंतीची जबाबदारी माझी.

तीन महिन्यांत चार कार्डं आली आहेत. दोन कॅन्टीनच्या चहाबद्दल, एक कोरं, आणि एकावर माझं चित्र, तेही धड नाही. मार्चअखेर तीस झाली नाहीत तर विभाग गुंडाळू, असं साहेब हसत म्हणाले. ते हसत म्हणतात तेच खरं असतं. म्हणजे मी परत डिस्पॅचला, आणि सगळे मजा बघायला उभे.

दादा, तू लिही. तुझ्याकडे बघून कारखान्यातले बाकीचे लिहितील. ही कार्डं कुणाच्याही नोकरीच्या फायलीत जाणार नाहीत, हा माझा शब्द.

तुझी,
शेंडेफळ


१९ जानेवारी

शेंडेफळास, दादाचा आशीर्वाद.

वहिनीने सांगितलं आहे की निरोप निम्मा नाही, पाऊण तिच्या मताचा असतो, आणि तो तसाच बरा असतो.

तुझ्या कामाला मी काय उपयोगाचा? माझा धंदाच लोकांच्या चुका पकडण्याचा. पंप टाकीवर चढवायचा, चालवायचा, त्याच्या अंगावर हात ठेवायचा, बरा असेल तर रजिस्टरात सही करायची. सव्वीस वर्षांत माझ्या सहीचा पंप परत आलेला नाही. ही फुशारकी नाही. थोडी आहे. चाचणी खोलीच्या आवाजात कान गेले, त्याच्या बदल्यात तेवढी मारायला हरकत नसावी.

तरी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना विचारून आलो. चुका खूप आहेत ग. वाइंडिंगवाल्या बाईंनी जाड तार गुंडाळून पाहिली आणि तीन मोटारी जाळल्या. रंगवाल्याने पंप लवकर वाळावेत म्हणून दिवे जवळ आणले, तर रंगाला फोड आले. सांगायला सगळे तयार, अगदी रंगवून सांगतात. नाव घालायचं म्हटलं की प्रत्येकाला एकदम काहीतरी काम आठवतं. बाई म्हणाल्या, "दादा, आज टाळ्या वाजवतील आणि उद्या तेच कार्ड तोंडावर मारतील." मी त्यांना सांगितलं की माझ्या बहिणीने शब्द दिला आहे. त्या म्हणाल्या, "मग तुम्हीच घाला की नाव."

घातलं. सोबत नऊ कार्डं आहेत, सगळी माझ्या नावाची. सहा चुका त्यांच्या आहेत. तीन मी मनाने रचल्या. सील उलटं बसवलं तर पाणी कमी गळेल असं वाटून बसवून पाहिलं, असं एकात लिहिलं आहे. खरोखर कुणी असं करताना सापडला असता तर मी त्याला खोलीबाहेर काढला असता. हे चालतं का, ते तूच बघ. चालत नसेल तर फाडून टाक.

दादा


२ फेब्रुवारी

दादा,

चालतं म्हणजे, पळतं.

साहेबांनी तुझं सीलचं कार्ड भर मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. "सव्वीस वर्षं काम केलेला माणूस अजून सील उलटं लावून बघतो, याला म्हणतात जिज्ञासा," असं म्हणाले. टाळ्या पडल्या. सल्लागाराने तर कार्डाचा फोटो काढून घेतला, दुसऱ्या कंपन्यांना दाखवायला. आता तीन विभागांतून कार्डं यायला लागली आहेत. कुणाचं कार्ड कुणाचं आहे, ते मला यापुढे सांगू नकोस. मला माहीत नसलेलं बरं.

अजून पाठव. शक्यतो सीलची. इथल्या लोकांना पंपातलं तेवढंच कळतं, पाणी मोटारीत जाऊ नये म्हणून बसवलेली चकती. बाकीचं काही लिहिलं की माना डोलावतात आणि मोबाईल बघतात.

आणखी एक. आमच्या विभागातून नवा पंप निघतो आहे. प्लास्टिकचं कवच, वजन निम्मं, लहान मूलही उचलेल. मार्चमध्ये तुझ्याकडे चाचणीला येईल. माझं नाव त्यावर नसलं तरी तो माझाच आहे असं समज.

शेंडेफळ


६ एप्रिल

शेंडेफळास,

तुझ्या कृपेने आता माझ्या नावावर एक्केचाळीस अपयशं जमा आहेत, त्यात सीलची बारा. गेल्या आठवड्यात मॅनेजरांनी फाटकाजवळ सगळ्यांना उभं करून मला फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्र दिलं. त्यावर लिहिलं आहे, 'वर्षातील सर्वाधिक अपयशी कर्मचारी'. मागच्या रांगेतून कुणीतरी 'अपयशराव' म्हणालं असावं, कारण आता सगळा कारखाना मला त्याच नावाने हाक मारतो. मला ऐकू येत नाही, पण वाइंडिंगवाल्या बाई मान खाली घालतात, त्यावरून कळतं. फ्रेम घरी नेली तर तुझी वहिनी म्हणाली की ही बाहेरच ठेवा, घरात मुलांचे मित्र येतात. सायकलच्या बाजूला ठेवली आहे.

असू दे. तुझी भिंत भरली ना, मग झालं. खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस वाईट वाटलं, आता नाही वाटत.

कामाचं लिहितो. तुझा पंप आला. दिसायला गोंडस आहे. पण पाणी संपल्यावर आठ मिनिटं कोरडा चालला की सीलभोवतीचं प्लास्टिक तापून मऊ पडतं. पुन्हा पाणी आलं की त्या जागी दाब येतो. दहा पंप चालवले, चार जागच्या जागी फुगले. लोकांच्या घरी पाणी रोज संपतं आणि पंप बंद करायला कुणी धावत नाही, हे तुला सांगायला नको. तेवढी जागा धातूची करा, वजन किलोभर वाढेल. तोवर मी सही करणार नाही. तसं लिहून मॅनेजरांना कागद दिला आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस. फसलेली चांगली वस्तू आहे, फेकून द्यायची नाही.

दादा


१५ एप्रिल

दादा,

तुझा कागद इथे पोचला आणि माझी पाचावर धारण बसली. वीस मेला मोठ्या हॉलमध्ये पंप लोकांसमोर येतो आहे. आमंत्रणं गेली, फलक छापले. धातूचा भाग करायचा तर साचा बदलायचा, म्हणजे आणखी सहा महिने. सहा महिने थांबायला साहेब तयार नाहीत, आणि थांबले तर माझ्याशिवाय थांबतील.

पहिल्या खेपेला प्रत्येक वस्तूत काहीतरी निघतंच. दुसऱ्या खेपेत आपण दुरुस्त करू. तुला लहानपणापासून नवीन काही म्हटलं की आधी त्यातली खोट दिसते. मी सायकल शिकले तेव्हाही तू आधी ब्रेक बघितले होतेस. एक सही कर दादा. तुझी सही असली की कुणी पुढचं विचारत नाही, हे तूच सांगतोस ना?

शेंडेफळ


३ मे

शेंडेफळास,

सही केली नाही. करता आली नाही. राग मानलास तरी चालेल, तुझ्या सायकलचे ब्रेक खरंच ढिले होते.

काल त्यावर कारखान्यात मीटिंग झाली. तू पडद्यावर होतीस, ते बघून मला धीर आला. मॅनेजरांनी माझा कागद वाचला आणि मग टेबलावर पिवळ्या कार्डांची फाईल ठेवली. माझीच एक्केचाळीस, तारखेप्रमाणे लावलेली. वाइंडिंगवाल्या बाईंनी जानेवारीत सांगितलं होतं अगदी तसं. त्यांनी सीलची बारा बाजूला काढली आणि मला नीट कळावं म्हणून कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर धरलं, 'जो माणूस बारा वेळा सील उलटं बसवतो, त्याने तपासलेलं सील बरोबर बसलं होतं कशावरून?' वीस माणसं होती खोलीत. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणी विचारलं, कशावरून.

मी काय सांगणार? बाईंचं नाव घ्यायचं? रंगवाल्याचं? मी पडद्याकडे बघितलं. आवाज मला काही लागला नाही, पण तुझे ओठ हलताना दिसले. तू बोलत होतीस, आणि खोलीतले सगळे आधी तुझ्याकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागले. मॅनेजरांनी फाईल मिटली. तू काय सांगितलं असशील ते मला न ऐकता कळलं. सगळ्यांसमोर, साहेब शेजारी बसलेले असताना, स्वतःच्या विभागाचं नुकसान होत असताना तू बोललीस.

उपयोग झाला नाही. मला पॅकिंगला पाठवलं आहे आणि माझ्या जागी कुणी नवा आला आहे. तरी मला फार वाईट वाटत नाही, हे तुला कळावं म्हणून लिहितो. घरी सांगितलं तेव्हा वहिनी रडली आणि म्हणाली, "मी तिला उगाच लावून बोलायची." हे तिने कधी कबूल केलं नव्हतं.

दादा


२० मे

दादा,

आजच कार्यक्रम झाला, गडबडीत लिहिते आहे. तुझं पत्र दोन आठवडे पर्समध्ये घेऊन फिरते आहे.

त्या दिवशी बोलता आलं तेवढं बोलले. ऐकतंय कोण? तू मनाला लावून घेऊ नकोस. पॅकिंगला आवाज कमी असेल, कानांना आराम पडेल. थोडं स्थिरस्थावर झालं की तुला परत खोलीत घ्यायचं बघते. वहिनीला नमस्कार.

शेंडेफळ


११ डिसेंबर

शेंडेफळास, आशीर्वाद.

मेनंतर तुझं पत्र नाही. कंपनीच्या मासिकात तुझा फोटो बघितला, हातात बक्षीस आहे. वहिनीने तो कापून कपाटाच्या दाराला आतून लावला. बारीक झाली आहेस.

काम पडलं म्हणून लिहितो. नव्या पंपाचं तुला कळलंच असेल. एका लाँड्रीत कवच फुटलं, गरम पाणी उडालं आणि तिथल्या बाईचा हात कोपरापर्यंत भाजला. त्यानंतर आणखी तीन ठिकाणांहून तक्रारी आल्या. आता बाहेरचे चौकशी अधिकारी आले आहेत आणि कुणाची तरी मान हवी आहे. पहिले दोनशे पंप एप्रिलमध्ये, मला पॅकिंगला पाठवायच्या आधी, माझ्या खोलीत आले होते. सह्या नंतर माझ्या जागी आलेल्याने केल्या, पण सील उघडून तपासून परत बसवली होती मी. मॅनेजरांचं म्हणणं, याने सवयीप्रमाणे उलटी बसवली. पुरावा म्हणून फाईल दिली आहे. मी दिलेला कागद कुणाला सापडत नाही. बाई पुढे येऊन सांगायला निघाल्या होत्या, मीच थांबवलं. त्यांच्या घरात त्या एकट्या कमावतात.

मी अधिकाऱ्यांना सांगितलं की माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका, पण दोन मेच्या मीटिंगमध्ये माझ्या बहिणीने सगळं सांगितलं आहे, तिला विचारा. माणूस सरळ दिसतो. म्हणाला, मीटिंगच्या टिपणात तसं काही नाही, पण त्या लिहून देत असतील तर मी धरीन. तेव्हा त्या दिवशी तू जे बोललीस ते चार ओळीत लिहून पाठव. नवीन काही नको. जेवढं बोललीस तेवढंच. वीस तारखेपर्यंत हवं आहे.

दादा


१८ डिसेंबर

दादा,

तू चार ओळी मागितल्यास. एकच आहे.

मॅनेजरांनी मला विचारलं, "ही कार्डं खरी आहेत ना?" साहेब माझ्या शेजारी बसले होते. मी म्हणाले, "सगळी त्यांच्याच हस्ताक्षरात आहेत."

एवढंच बोलले. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणून तर जीभ अडली नाही. मग सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू पडद्याकडे बघत होतास आणि किंचित मान हलवलीस. मला वाटलं, तू ऐकलंस आणि मला माफ केलंस. दुसऱ्या दिवशी तुझं पत्र लिहून झालं असेल. ते आलं आणि मी ते उघडून ऑफिसच्या जिन्यात बसून राहिले. तू माझे आभार मानले होतेस.

तेव्हा लिहायला हवं होतं. वीस मेला लिहायला बसले होते, आणि 'बोलता आलं तेवढं बोलले' असं लिहून मोकळी झाले. त्यानंतर लिहायचं धाडस झालं नाही. मला माझी लाज वाटते दादा, आणि ती लाँड्रीतली बाई डोळ्यांसमोरून हलत नाही.

आज अधिकाऱ्यांना सहा पानं पाठवली. कार्डं कुणाच्या सांगण्यावरून आली, मला जानेवारीपासून काय माहीत होतं, तुझा कागद मी स्वतः वाचला होता, त्यात काय लिहिलं होतं, सगळं. बाईंचं नाव घातलेलं नाही. पुरावा म्हणून तुझी जानेवारीची आणि एप्रिलची पत्रं जोडली आहेत, त्यातल्या बाई आणि रंगवाला खोडून. मे महिन्याचं पत्र जोडलं नाही. ते माझ्याजवळ आहे.

साहेबांना कळल्यावर माझं इथे काही राहणार नाही. त्याचं काही वाटत नाही, असं लिहिणार होते, पण वाटतं. पुढच्या महिन्यात तुझ्याकडे यायचं म्हणते. येऊ का?

शेंडेफळ


१४ जानेवारी

शेंडेफळास,

तुझी सहा पानं अधिकाऱ्यांनी मानली. माझा कागदही मिळाला, मॅनेजरांच्या खणात होता. मॅनेजरांना काढलं. पंप बाजारातून परत बोलावले आहेत. मला सोमवारपासून पुन्हा चाचणी खोलीत घेतलं. मॅनेजरांच्या जागी आलेल्यांनी सगळ्यांसमोर हात मिळवला आणि ती फाईल माझ्या हातात दिली, काय करायचं ते करा म्हणून. वाइंडिंगवाल्या बाई रडल्या. तुझा विभाग बंद झाल्याचं आणि तुला डिस्पॅचलाही ठेवलं नसल्याचं त्यांच्याकडूनच कळलं. वाईट वाटलं. हे मनापासून लिहितो आहे.

दादा खूश असेल असं तुला वाटत असेल. असायला हवं.

सात महिने मी खोकी चिकटवली. पोरंसोरं येता जाता अपयशराव म्हणायची. रोज मी मनाशी म्हणायचो, म्हणू देत, वीस माणसांसमोर माझी बहीण माझ्या बाजूने बोलली आहे. तेवढ्यावर सकाळी उठून कामाला जायचो. खोली नव्हती, सही नव्हती, पण ते होतं. आता खोली आहे. काल पहिला पंप टाकीवर चढवला, अंगावर हात ठेवला. बरा होता. तरी सही करायला मला अर्धा तास लागला.

तू खरं सांगितलंस ते योग्यच केलंस. सांगितलं नसतंस तर माझी नोकरी गेली असती. तक्रार कशाची करू, तेच कळत नाही, म्हणून करत नाही.

वहिनीला तुझं पत्र दाखवलेलं नाही. तिने विचारलं तेव्हा म्हणालो, तू अधिकाऱ्यांना लिहून दिलंस आणि त्यामुळे सुटलो. कपाटावरचा तुझा फोटो तसाच आहे. शेजारपाजारच्या बायकांना ती अजून सांगते की माझ्या नणंदेने भर सभेत माझ्या नवऱ्याची बाजू घेतली आणि त्यापायी नोकरी गमावली. ते मोडायची माझी इच्छा नाही. या घरात एकाला तरी ते राहू दे.

येऊ का म्हणून विचारलंस. ये. वहिनी त्या दिवसाबद्दल विचारेल, तू काय बोललीस ते तिला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. मी जसं समजलो होतो तसंच तिला सांग. तुला ते जमेल.

दादा